नव्वद दिवसांचं माहेर

टिळक रस्त्यालगतच्या एका बोळात झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार, पॅन कार्ड अशी पाटी असलेलं एक दुकान आहे. पाटीच्या तळाशी मागाहून रंगवलेली एक ओळ आहे: ‘शेंगेन व अमेरिका व्हिसा फाइल करून मिळेल.’ आत शिरलं की झेरॉक्सच्या गरम शाईचा वास येतो. दुपारी लॅमिनेशनचं यंत्र सुरू झालं की त्यात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास मिसळतो. घरी गेल्यावरही तो साडीला येत राहतो.

मी तिथे गेले ती एका नकारामुळे. ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांचा जर्मनीचा व्हिसा नाकारला गेला होता. नकाराचं पत्र छापील असतं. त्यात कारणांची यादी असते, प्रत्येक कारणापुढे चौकोन असतो, आणि जे लागू असेल त्यावर खूण केलेली असते. मास्तरांच्या कागदावरची खूण होती ती, मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे, या अर्थाच्या ओळीपुढे. मास्तर ज्या पेठेत जन्मले तिथेच राहतात. मुलाकडे बाणेरला गेले तरी रात्रीच्या जेवणाला घरी परततात. ते चिडले नव्हते, चक्रावले होते. “परत येणार हे सिद्ध कसं करायचं, ते कुठे शिकवतात का हो?” असं त्यांनी मला विचारलं. शिकवत नसतील, पण करून देणारं माणूस असणारच, म्हणून मी चौकशी करत या बोळात पोचले.

दुकानातल्या बाईंना सगळे ताईच म्हणतात. पन्नाशी ओलांडलेली, चष्म्याला दोरी, आधी बरीच वर्षं एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटांच्या टेबलावर काढलेली. त्यांच्या टेबलावर दोन गोष्टी कायम हाताशी असतात: स्टीलची फूटपट्टी आणि पीन काढायचा चिमटा. लोक कागद आणतात ते टाचून, आणि व्हिसाच्या फाइलीत एकही पीन चालत नाही, कारण तिथे प्रत्येक पान स्कॅन होतं. त्यामुळे कुणी येऊन बसलं, की ताईंचं पहिलं काम पिना उपसण्याचं. त्या पिना एका जुन्या बामच्या डबीत जमतात. पिना काढता काढता त्या कागद वाचत असतात, आणि समोरच्याला वाटतं, अजून काम सुरूच झालेलं नाही.

मी बरेच दिवस जाऊन बसत राहिले. पुष्कळ फाइली पाहिल्या. हनिमूनला पॅरिसला निघालेल्यांच्या, प्रदर्शनाला जाणाऱ्या भोसरीच्या कारखानदारांच्या. त्या सगळ्या आता एकसारख्या वाटतात. आठवते ती फलटणकडच्या काका-काकूंची.

ते पहाटेच्या एसटीनं आले होते. काकांकडे वायरची पिशवी, आणि तिच्यात दुधाच्या सोसायटीच्या पावत्यांपासून रेशनकार्डापर्यंत घरातला झाडून सगळा कागद. मुलगी श्टुटगार्टला. जावई मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. पुण्याहून त्या गावाला गेलेली अशी मुलं आता ताईंच्या फाइलींत वरचेवर भेटतात. मुलीला दिवस गेलेले, पहिली खेप, डॉक्टरांनी मार्चची तारीख दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण मुलगी विमानानं इकडे यायची नाही म्हणाली, तेव्हा माहेरानंच उठून तिकडे जायचं ठरलं होतं.

“किती दिवसांसाठी?” ताईंनी विचारलं.

“तीन-चार म्हयने,” काकू म्हणाल्या.

“नव्वद दिवस, काकू. त्याच्या वर नाही.”

हा आकडा त्या दुकानात दिवसभर ऐकू येतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा शेंगेनचा नियम. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या लहानशा गावापाशी पाच देशांनी करार केला. आज त्यात २९ देश आहेत, आणि २९ देश मिळून दिवस तेवढेच. उतरलेला दिवस धरायचा, निघालेला दिवसही धरायचा. विमान रात्री अकराला टेकलं तरी तो दिवस खर्ची पडला. आणि योगायोग असा, की प्रौढ माणसाची फीसुद्धा ९० युरोच. जून २०२४ पर्यंत ती ८० होती. आपल्या पैशांत नऊ हजारांच्या पुढे जाते, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही. ताई नव्या माणसाला एका दमात सांगतात, “नव्वद युरो, नव्वद दिवस. लक्षात ठेवायला सोपं.”

काकूंनी बोटांच्या पेरांवर हिशेब मांडला. बाळंतिणीला सव्वा महिना उठू द्यायचं नाही, म्हणजे चाळीस दिवस झाले. त्याआधी आपण पंधरा दिवस तरी पोचलेलं बरं, पहिलटकरणीचा काय भरवसा. इथवर ठीक होतं. पण तीन महिने झाल्याशिवाय मूल मान धरत नाही, आणि मान धरलेलं बघितल्याबिगर निघायचं नाही, असं काकूंनी घरूनच ठरवून आणलं होतं. पंधरा आणि नव्वद, एकशेपाच. ताईंनी कॅलेंडर पुढे ओढलं. दोघी बराच वेळ मार्चच्या पानावर वाकून बसल्या होत्या. दहा दिवस आधी गेलं तर काय, पाचच दिवस आधी गेलं तर काय, आणि तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या तर काय. शेवटी आठ दिवस आधी जायचं ठरलं, आणि मान धरायची बाळावर सोडली.

“तिकडं सुईण घरी येते म्हणे, सरकारी विम्यातनं,” काका म्हणाले. खरं आहे ते. जर्मनीत बाळंतिणीला सुईणीच्या घरभेटी मिळतात, आणि त्यांचा खर्च आरोग्य विमा करतो.

काकूंनी नवऱ्याकडे न बघताच विचारलं, “ती तेल लावून न्हाऊ घालती का?”

माझ्या मते व्हिसाच्या अर्जातलं ‘प्रवासाचा उद्देश’ हे कलम त्या प्रश्नानं पुरेपूर भरलं असतं. पण फॉर्मवर चौकोन असतात: पर्यटन, व्यवसाय, कुटुंब किंवा मित्रांची भेट, असे. ताईंनी ‘कुटुंब’वर खूण केली.

मग कागद. जर्मनीला भेटीसाठी जाणाऱ्याच्या फाइलीत सगळ्यात वजनदार कागद तिकडून येतो. यजमानानं आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जायचं, पगाराचे कागद दाखवायचे, २९ युरो भरायचे आणि पाहुण्याच्या राहण्या-खाण्याची, दुखण्याखुपण्याची सगळी जबाबदारी लेखी पत्करायची. त्या कागदाचं जर्मन नाव फेरप्फ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग असं आहे. ताई ‘व्हीई’ म्हणून मोकळ्या होतात. जावयानं तो करून मूळ प्रत कुरियरनं पाठवली होती. काकांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी वहीत आणि वही टॉवेलात गुंडाळून आणली होती.

पण व्हीई सोडवतो तो तिकडच्या खर्चाचा प्रश्न. इकडे परत यायचं कारण आपणच दाखवायचं. नोकरदाराला ते जड जात नाही: पगाराच्या पावत्या, कंपनीचं रजेचं पत्र, आयकराचं विवरणपत्र. काका शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही. पगार नाही, म्हणून पावती नाही. रजा कुणाकडे मागायची, म्हणून पत्र नाही. कागदपत्रांची यादी ज्यानं कुणी केली, त्याच्या डोळ्यांपुढे महिन्याच्या महिन्याला पगार जमा होणारा माणूस होता, हे चटकन कळतं. महाराष्ट्रातला निम्मा माणूस त्या यादीत बसत नाही, आणि न बसणाऱ्याला यादीत बसवणं हाच ताईंचा धंदा आहे.

काकांच्या बँकेच्या उताऱ्यात आणखी एक भानगड निघाली. महिनोन् महिने दुधाचे किरकोळ आकडे, आणि मध्येच एका तारखेला दोन लाखांच्या वर जमा. ताईंनी फूटपट्टी त्या ओळीखाली लावून धरली. “हे काय?”

“उसाचं बिल.”

“हे त्यांना कसं कळणार, काका? त्यांना वाटेल, व्हिसासाठी कुणाकडून तरी उसने घेऊन टाकले.”

त्यात तथ्य होतं. मी तिथे असतानाच एक गृहस्थ येऊन गेले होते. पाच लाख आठवडाभर खात्यात ठेवायला देणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता. तेवढे दाखवून मग काढून घ्यायचे होते. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि फाइल परत दिली. ते गेल्यावर त्या म्हणाल्या, “ह्यांच्यामुळे उसाच्या बिलावर संशय येतो.” त्या एवढ्या तुसडेपणानं बोललेल्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

काकांना कारखान्याकडून बिलाची पावती आणायला सांगितलं गेलं. सातबारा आणि आठ-अ चा उतारा ताईंनी तिथल्या तिथे काढला. डिजिटल सहीचा सातबारा आता १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. तलाठ्याच्या दारात घातलेल्या फेऱ्या ज्याला आठवतात त्याला ही स्वस्ताई पटत नाही. काकांनी तो कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला. गट नंबर, क्षेत्र, पिकाच्या रकान्यात ऊस. मग तो इंग्रजी करून घ्यायला शेजारच्या बोळातल्या भाषांतरकाराकडे गेला. फलटण तालुक्यातला दीड एकर ऊस मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या टेबलावर जाऊन, ही बाई परत येईल, अशी साक्ष देणार होता.

त्या दिवसाचं सगळ्यात अवघड बोलणं अजून व्हायचं होतं. काकांचं स्वतःचं जायचं चाललं होतं. नातवंडाचं तोंड त्यांनाही बघायचं होतं. पण मार्चला ऊसतोडीचे दिवस, गोठ्यात दोन म्हशी, आणि मुलगा पुण्यात नोकरीला. ताईंनी आधी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून ठेवला.

“काका, एक सांगू का? पहिलीच वेळ आहे. काकू एकट्या गेल्या आणि तुम्ही इथे राहिलात, तर फाइल जास्त पक्की होते. नवरा घरी आहे, शेत आहे, जनावरं आहेत, म्हणजे बाई परत येणार, असं त्यांना दिसतं.”

काका हसले. “म्हंजी मी तारण राहायचं म्हणा की.”

ताईही हसल्या, काकूही हसल्या. मी वहीत लिहून घेतलं. पीककर्जाला जमीन तारण ठेवलेल्या माणसाला या व्यवहाराचं नवल नसणार. पण नंतर कुठल्याही फाइलीत घरी राहिलेला नवरा, मागे ठेवलेली शाळकरी पोरं, कुलूप न लावलेलं घर दिसलं, की मला काकांचं हे वाक्य ऐकू यायचं. नियमांत असं कुठेही लिहिलेलं नाही. दोघांनी एकत्र अर्ज करायला कसलीही आडकाठी नाही, आणि असे अर्ज मंजूरही होतात. तरीही नकारांचे चौकोन वाचत वाचत ताईंसारखी माणसं या शहाणपणाला आलेली आहेत, आणि घरोघरची दोघांतली एकजण एकटी विमानात बसते आहे.

यावर पलीकडची बाजू आहे, आणि ती खोटी नाही. मुदत संपल्यावर परत न जाणारी माणसं असतात, खोटी पत्रं असतात, आठवड्यापुरते पाच लाख असतात. आपल्या घरात कोण यावं हे विचारायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. आपणही परदेशी पाहुण्यांना कागद मागतोच. युरोपीय आयोगाच्या आकडेवारीनुसार २०२४ साली भारतातून ११ लाखांवर शेंगेन अर्ज गेले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशींना व्हिसा मिळाला, हेही त्यातच आलं. माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही. आधी संशय आणि मग माणूस, हा जो क्रम लागलेला आहे, तो मला खटकतो. आणि तो काही फार जुना नाही. १९८६पर्यंत ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नसे. विमानतळावर उतरून अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं, तो काय विचारील ते सांगायचं. तिथेही अपमान होत, माणसं परत पाठवली जात. पण निदान समोर माणूस असे, आणि त्याला माणूस दिसत असे. काकूंची बाजू आता मांडायची होती ती एका पानाच्या पत्रानं.

ते पत्र लिहिण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नसेल. मी पाहिलेल्या पत्रांत कुठेही विनवणी नव्हती. पहिल्या परिच्छेदात कोण, कुठे, कशासाठी, किती दिवस. दुसऱ्यात खर्च कोण करणार. तिसऱ्यात इकडे काय आहे: नवरा, घर, जमीन, जनावरं. सोबतच्या कागदांची क्रमवार यादी. बस्स. मुलीच्या काळजीबद्दल काकूंनी सांगितलेली सात-आठ वाक्यं ताईंनी शांतपणे ऐकली आणि त्यातलं एकही घेतलं नाही. “रडगाणं लिहिलं की त्यांना वाटतं, ही राहायलाच चाललीय.” पिशवीतल्या कागदांपैकी निम्मेअधिक त्यांनी बाजूला काढून काकांना परत दिले. दुधाच्या पावत्या, रेशनकार्ड, सोसायटीचा शेअर दाखला. “जास्त कागद, जास्त प्रश्न.” मास्तरांची नाकारलेली फाइल मी त्यांना नंतर दाखवली. साठेक पानं होती: पेन्शनचा आदेश, मुदत ठेवी, फ्लॅटचा करारनामा, एका संस्थेनं केलेल्या सत्काराचा फोटोसुद्धा. फक्त पत्र नव्हतं.

एक अडचण नावाची निघाली. काकू या मुलीच्या आई आहेत, हे सिद्ध करायचं होतं. जन्म गावी, घरातच झालेला. दाखल्यावर मुलीचं नाव नुसतं ‘मुलगी’ असं. मग आधार उरतो पासपोर्टच्या शेवटच्या पानाचा. आपल्या पासपोर्टवर तिथे आई-वडिलांची नावं छापलेली असतात. मुलीच्या पासपोर्टवर आईच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’ होते, आईच्या स्वतःच्या पासपोर्टवर एक ‘आय’. वाचायला तेच नाव. संगणकाला दोन बायका. पाचशेच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र झालं, नोटरीचा शिक्का बसला, आणि त्यात पुरा एक दिवस गेला. काका-काकू दोघांच्याही जन्मतारखा १ जून. त्यावर मात्र ताईंनी डोळेसुद्धा वर केले नाहीत. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेल्या त्या तारखेचे वाढदिवस महाराष्ट्रात इतके आहेत, की त्यांना कुणाची फाइल अडल्याचं आठवत नाही.

विम्याचं ताई नेहमी घाईनं उरकतात. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. त्यात आजारपण, इस्पितळ, मायदेशी परत आणणं आणि मृत्यू, एवढं सगळं धरलेलं असावं लागतं. “सगळं कव्हर आहे” असं म्हणून त्या सहीची जागा दाखवतात. काकू सही करता करता थांबल्या.

“तिकडं काय बरंवाईट झालं, तर इकडं आणत्यात का?”

“आणतात, काकू.”

“मग हरकत न्हाई,” म्हणून त्यांनी सही पुरी केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत.

सही करणारी ती बोटं मी जवळून पाहिली. अंगठ्याच्या पेरावर विळ्याची जुनी खूण, तर्जनीची कातडी घासून गुळगुळीत झालेली. भांडी, शेण, खुरपं, चूल, सगळं त्यांवरून गेलेलं. व्हिसाला दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. एकदा दिलेले ठसे पुढचे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, पण काकूंची ही पहिलीच खेप. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा कधीच धड उमटत नाही, असं काका म्हणाले. ताईंनी काकूंचे दोन्ही हात हातात घेऊन तळवे उजेडाकडे केले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. “आठवडाभर रोज रात्री खोबरेल चोळा. भांडी काकांना घासू द्या. खुरपं हातात घ्यायचं नाही. आणि जायच्या सकाळी तेल नको, साबणानं स्वच्छ धुऊन कोरडे करा.” काका मान हलवत ऐकत होते. व्हिसाच्या पायी घरातली भांडी त्यांच्याकडे आली, ही या कहाणीतली मला आवडलेली एकमेव सक्ती.

अर्जाच्या दिवशी मी गेले होते, पण केंद्राच्या आत अर्जदाराखेरीज कुणाला सोडत नाहीत. बाहेर पदपथावर सगळ्यांच्या छातीशी त्याच पारदर्शक फाइली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे मनातल्या मनात उजळणी करत होते. काकू तासाभरानं बाहेर आल्या. ठसे उमटले होते. डाव्या अंगठ्याचा तिसऱ्यांदा.

“काय विचारलं?”

“काय न्हाई. बोटं ठिवा म्हनली, फोटू काढला, पैसं घेतलं. मुलीचं तर कुनी नावबी न्हाई काढलं.”

हे बरोबरच होतं. केंद्रावरची माणसं कागद गोळा करतात. निर्णय घेणारे दुसरे, आणि ते काकूंना पाहणार नव्हते. नियमानं निर्णयाला १५ दिवस, क्वचित ४५पर्यंत.

नकार आला असता तर काय, हे मी ताईंना आधीच विचारून ठेवलं होतं. पूर्वी जर्मनीच्या नकारावर फेरविचाराचा अर्ज करता येत असे, फी न भरता, साध्या पत्रानं. १ जुलै २०२५पासून ती सोय जर्मनीनं जगभर बंद केली. आता बर्लिनच्या न्यायालयात जायचं, नाहीतर नवा अर्ज करायचा. “बर्लिनला कोण जातंय,” ताई म्हणाल्या. “पुन्हा नव्वद.” मास्तरांनी ते भरले नाहीत. त्यांचा जर्मनीतला दुसरा मुलगाच उन्हाळ्यात येऊन जाणार आहे.

काकूंचा पासपोर्ट व्हिसा घेऊन आला. काका तो घेऊन दुकानात आले ते पेढे घेऊनच, आणि आल्या आल्या म्हणाले, “ताई, त्यांनी वाढवून दिलं बघा. एकशेपाच दिवस.” चिकटवलेल्या कागदावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात. त्यांच्यामधलं अंतर त्यांनी मोजलं होतं, आणि ते खरंच १०५ होतं. काकूंचा पेरांवरचा पहिला हिशेब जसाच्या तसा! ताईंनी फूटपट्टी घेतली आणि तारखांखालच्या ओळीवर ठेवली. तिथे मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात: ९०. वरचे पंधरा हे प्रवासाची तारीख मागेपुढे झाली तर सोयीसाठी दिलेले असतात, राहण्यासाठी नाहीत. अशी चूक करून पंधरा दिवस जास्त राहिलेल्यांच्या पुढच्या फाइली ताईंकडे येतात, आणि त्या लावता लावता नाकीनऊ येतात. काकांनी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मग मान धरायची ऱ्हायली.”

तरीही व्हिसा म्हणजे आत सोडण्याची हमी नाही, हे ताईंनी त्यांना दोनदा सांगितलं. सीमेवरचा अधिकारी तेच कागद पुन्हा मागू शकतो. म्हणून जावयाच्या पत्राची प्रत, विमा, परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवायचं, सामानात नाही. ऑक्टोबर २०२५पासून तिकडे शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतला जातो आणि बोटं व्हिसाच्या वेळच्या ठशांशी ताडून पाहिली जाऊ शकतात, म्हणजे खोबरेल सुटलेलं नव्हतं. बाहेरून येणाऱ्यांना दूधदुभत्याचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून घरच्या म्हशीचं तूप मागे राहिलं. डिंक, खारीक, अळीव तेवढे गेले. लाडू तिकडच्या लोण्याचं तूप कढवून तिथेच वळायचे ठरले.

फेब्रुवारीच्या शेवटी काकू एकट्या गेल्या. काका फलटणला. तोडणी अजून चालूच होती.

तुमच्यापैकी कुणाची लेक परदेशी असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर दोन पासपोर्ट काढा, तिचा आणि तुमचा. तिच्या शेवटच्या पानावरचं आईचं नाव आणि तुमच्या पहिल्या पानावरचं नाव अक्षर अन् अक्षर जुळतं का, ते ताडून बघा. नसेल जुळत, तर दुरुस्तीला आत्ताच टाका. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि बाळंतपणाची तारीख त्याहून आधी कळलेली असते.